घाट उतरताना न्यूट्रल?

प्रश्न: कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरताना मी गाडी न्यूट्रलला टाकतो, पेट्रोल वाचतं ना?

उत्तर: नाही हो, आणि कृपा करून हे आजच बंद करा. तुमची गाडी फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर इंजिनला पेट्रोल मोजून देतो अशी, असेल तर गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि कॉम्प्युटर पेट्रोल जवळपास पूर्ण तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गियरमधलं इंजिन गाडीचा वेग आवरतं ते, जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापले की नीट लागत नाहीत आणि आंब्याची वळणं तुम्हाला माहीतच आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरा. पेट्रोल खरंच वाचवायचंय तर टायरची हवा बघा, गाडी थंड असताना.