तोंडी सगळं येतं, मग वही अर्धी का?

"तोंडी विचारा, घडाघडा सांगतो. वहीत मात्र अर्धंच." समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून इतक्या वेळा ऐकू येणारी दुसरी तक्रार नसेल. साधारण चौथी-पाचवीत फळ्यावरचा मजकूर लांबत जातो आणि त्याच सुमारास मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

पाचवीतल्या एका मुलाची वही अशीच होती. पानापानावर लाल शेरा: काम अपूर्ण, लक्ष नाही. आईने विचारलं, "मॅडम, हा मुद्दाम करतो का हो?"

उत्तर मुलाकडेच होतं. ते बाहेर यायला 3 भेटी गेल्या.

"फळ्यावरून उतरवताना काय होतं रे?"

"शब्द हरवतात."

"कुठे?"

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "वर बघतो तेव्हा असतात. खाली आलो की नसतात."

डोळे आधीच तपासून घेतले होते. नजर उत्तम होती. मग 6 ओळींचा उतारा समोरच्या भिंतीवर लावला आणि तेवढाच दुसरा वहीशेजारी ठेवला. भिंतीवरचा उतरवायला 11 मिनिटं लागली, मान 41 वेळा वर झाली, 2 ओळी गळल्या. शेजारचा 6 मिनिटांत, एकही शब्द न गळता. आकडे वाचून आई म्हणाली, "म्हणजे लक्ष नाही असं नाहीच!" 41 वेळा मान वर करणाऱ्या मुलाचं लक्ष नाही, असं कसं म्हणायचं?

फळ्यावरून उतरवणं मोठ्यांना एकच काम वाटतं. मुलाला वाचायचं, मनात धरायचं, नजर खाली आणायची, ऱ्हस्व-दीर्घ आठवायचं, लिहायचं आणि पुन्हा फळ्यावर नेमकी ती जागा शोधायची असते. क्षणभर मनात धरण्याची जागा मोठ्या माणसांतही जेमतेम 4 गोष्टींची, मुलांत त्याहून कमी. त्यात बाईंचं शिकवणं सुरूच असतं. मग लिहिणंही सुटतं आणि ऐकणंही.

मूल एकट्याने काय करतं यापेक्षा थोडा हात दिल्यावर कुठवर जातं ते पाहावं, असं मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की सांगत. या मुलाच्या बाबतीत हात द्यायची जागा नेमकी सापडली होती.

वर्गशिक्षिकेची अडचण खरी होती. "45 मुलं आहेत. याच्या एकट्यासाठी वेगळं कसं करू?"

"एकट्यासाठी नकोच. सगळ्या वर्गाला द्या." एकट्याला वेगळा कागद मिळाला की मूल तो दप्तरात लपवतं.

ठरलं ते असं. धड्याचे मथळे आणि व्याख्या छापलेला अर्धा कागद, त्यात 5-6 रिकाम्या जागा. मुलं लिहीत असताना बाईंनी बोलायचं नाही. 2 मिनिटं लिहिणं, मग समजावणं. प्रश्न विचारल्यावर मनात 3 अंक मोजून मगच नाव घ्यायचं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक जेमतेम 1 सेकंद थांबत. 3 सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि गप्प मुलंही बोलू लागली. तासाच्या शेवटी चिठ्ठीवर एकच प्रश्न. गुण द्यायचे नाहीत, फक्त 3 गठ्ठे करायचे: जमलं, अर्धवट, नाही जमलं. दुसऱ्या दिवसाची सुरुवात अर्धवट गठ्ठ्यातल्या चुकीपासून.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. रिकाम्या जागा वाक्याच्या शेवटच्या शब्दाच्या होत्या. मुलं न ऐकताच शेजाऱ्याचं पाहून भरू लागली. मग जागा बदलल्या: 'कारण...', 'माझं उदाहरण...'. तिथे ऐकल्याशिवाय काही लिहिता येईना. दुसरी चूक बहुतेक शाळांत होते: कागद वर्षभर तसाच राहतो आणि मूल स्वतः टिपणं काढायला शिकतच नाही. इथे 3 आठवड्यांनी छापील मजकूर निम्मा केला, 6 आठवड्यांनी फक्त मथळे उरले. मुलाची पानं तेव्हाही पूर्ण होत होती. बाईंनी आवर्जून सांगितलं, की "नाही जमलं" हा गठ्ठा इतर मुलांमुळेही बारीक झाला. शाळेने यातला हा भाग तरी उचलावाच.

एवढं करूनही लेखन फार मंद असेल, अक्षरं उलटसुलट पडत असतील किंवा वाचनही अडखळत असेल, तर वाट न पाहता तज्ज्ञांकडून अध्ययन-अडचणींची तपासणी करून घ्यावी.

आणि पालकांनी शाळेत जाताना "जरा लक्ष द्या" एवढंच म्हणू नये. घरी घड्याळ लावून दोन्ही उतारे लिहून घ्यावेत आणि तो कागद बाईंपुढे ठेवावा: लांबून 11 मिनिटं, जवळून 6.