अकरा जिंकले, मग कप कुणाचा?

प्रश्न : आमच्या इमारतीच्या गणेशोत्सवात फुटबॉलची प्रश्नमंजुषा होती. ‘२००८चा इंटरटोटो कप कुणी जिंकला?’ असं विचारल्यावर माझ्या मुलाने ‘ब्रागा’ सांगितलं, समोरच्या टीमने ‘ॲस्टन व्हिला’. परीक्षकांनी दोघांनाही शून्य दिलं. घरात अजून धुसफुस चालू आहे. खरं उत्तर काय? आणि ही स्पर्धा होती तरी कसली?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : गुण दोघांनाही मिळायला हवे होते, चिरंजीवांना अर्धा जास्त. शेवटच्या तीन वर्षांत, म्हणजे २००६ ते २००८, इंटरटोटोची फायनलच नव्हती. तिसरी फेरी जिंकणारे अकरा क्लब युएफा कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीत जायचे आणि अकराही विजेते म्हणवायचे. २००८च्या अकरांत ॲस्टन व्हिला होता, नापोली, स्टुटगार्ट होते आणि पोर्तुगालचा ब्रागाही. त्यांतला जो पुढे युएफा कपात सगळ्यांत लांब जाईल, तो एकूण विजेता. ब्रागा शेवटच्या सोळांत पोचला, बाकीचे दहा त्याआधीच गळाले. जुलैतल्या स्पर्धेचा निकाल पुढच्या फेब्रुवारीअखेर! परीक्षक गोंधळले तर नवल नाही.

आता नाव. माझा मामा परळच्या गिरणीत साचेवाला होता. पगाराच्या दिवशी त्याच्या खिशात आकड्याची चिठ्ठी असायचीच. बाजार बंद असला की मामीला बरं वाटायचं आणि मामा घरात येरझाऱ्या घालायचा. युरोपातल्या टोटोवाल्यांची उन्हाळ्यात तीच गत व्हायची. टोटो म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचं कूपन : यजमान जिंकणार असेल तर १, पाहुणा जिंकणार असेल तर २, बरोबरीला फुली. पण उन्हाळ्यात लीग बंद, मग कूपन भरायचं कशावर? म्हणून १९६१मध्ये ही स्पर्धा काढली. ऑस्ट्रियन प्रशिक्षक कार्ल राप्पान आणि स्विस टोटोचे एर्न्स्ट थोमेन यांच्या डोक्यातून निघालेली. पहिली फायनल आयाक्सने फेयेनूर्टला ४-२ हरवून जिंकली. सट्ट्याच्या कुळीमुळे युएफा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची संघटना, मात्र सोवळं पाळून लांबच राहिली.

१९६७पासून तर फायनलही गेली. गटात पहिले या, रोख बक्षीस घ्या, घरी जा. १९९४पर्यंत असंच.

१९९५मध्ये युएफाने स्पर्धा आपल्या हातात घेतली आणि युएफा कपात जागा देऊ केली. इंग्लिश क्लबांना तरी त्याचं काही वाटलं नाही. ऐन सुट्टीत खेळायचं म्हणून टॉटनहॅमने कच्चा संघ पाठवला आणि कोलोनकडून ८-० असा मार खाल्ला. (मी हा स्कोर पेपरात वाचला तेव्हा छपाईची चूक समजलो होतो.) त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या बोर्दोने मात्र ती दारातली जागा नाकारली नाही. संघात झिदान, लिझाराझू, दुगारी. इंटरटोटोतून युएफा कपात शिरले, मिलानकडे ०-२ हरून आल्यावर घरी त्यांना ३-० झोडपलं आणि १९९६च्या फायनलपर्यंत गेले. तिथे बायर्नने हरवलं, ते सोडा. आपल्या मैदानांवर पावसाळ्यात स्टंप उपटून फुटबॉल येतो आणि चिखलात घसरणारी पोरं नावाची वाट बघत नाहीत, खेळतात. बोर्दोचं मला तेच आवडतं.

पुढे युएफा कपचं युरोपा लीग झालं आणि २००८नंतर इंटरटोटो गुंडाळली. तिच्यातून येणारे क्लब मग थेट त्या लीगच्या पात्रता फेऱ्यांत खेळू लागले.

परीक्षकांना हे पान दाखवा. आणि पुढच्या गणपतीत प्रश्न काढायची पाळी चिरंजीवांची आली, तर त्यांना सांगा, १९८०चा विजेता विचार. उत्तर : कुणीच नाही.