टेस्टिंग शिकवण्यात करिअर होतं का?

प्रश्न : मी संगणकशास्त्रात एमएससीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅबमध्ये ज्युनिअर मुलांना शिकवायला मला मनापासून आवडतं. पुढे विद्यापीठात ॲडव्हान्स्ड ओओपी (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या ‘क्लास’मधून प्रोग्रॅम रचणं) आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवायचं ठरवते आहे. घरचे म्हणतात, टेस्टिंग हे दुय्यम काम, शिवाय आता कोड एआयच लिहितं. आधी नोकरी करू की थेट पीएचडी?

उत्तर : आधी घरच्यांच्या शंकेबद्दल. कोड लिहिणारा वेगळा आणि शेवटी बटणं दाबून बघणारा वेगळा, अशी वाटणी होती तेव्हाचा हा समज आहे. १९९७ च्या सुमारास केंट बेक आणि एरिक गामा यांनी जावा या भाषेसाठी जेयुनिट हे टेस्ट आपोआप चालवणारं टूल तयार केलं, आणि पुढे टेस्ट लिहिणं हे प्रोग्रॅमरच्याच रोजच्या कामात आलं. एआयचं म्हणशील तर, लिहिलेला कोड बरोबर आहे की नाही हे पारखणारी माणसं त्यामुळे जास्तच लागतील. १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत नष्ट झालं. त्यात वापरलेला कोड एरियान ४ वर व्यवस्थित चालला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त होता, त्यामुळे वाढलेला एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. हे घरी जरूर सांग.

आता तुझ्याबद्दल. ओओपी आणि टेस्टिंग हे दोन सुटे विषय म्हणून शिकवू नकोस, दोन्ही कोरडे होतात. चौरस हा आयताचाच प्रकार, म्हणून स्क्वेअर क्लास रेक्टँगलमधून इनहेरिट करायचा (रेक्टँगलचे गुण त्याला वारशाने द्यायचे), असं मुलांना सहज पटतं आणि कंपायलरही तक्रार करत नाही. मग त्यांना एक छोटी टेस्ट लिहायला लाव: रुंदी ५ करा, मग उंची ४ करा, क्षेत्रफळ २० आलं पाहिजे. रेक्टँगल पास होतो. त्याच टेस्टला स्क्वेअर दिला, की उंची बदलताना तो रुंदीही ४ करून टाकतो, उत्तर १६ येतं आणि टेस्ट लाल, म्हणजे नापास, होते. मूळ प्रकाराच्या जागी त्याचा उपप्रकार ठेवला तरी प्रोग्रॅम बिघडू नये, हे संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं सब्स्टिट्यूशनचं तत्त्व मुलांना इथे व्याख्येआधीच कळतं. पुढचा प्रश्न त्यांनाच विचार: ऑब्जेक्ट (क्लासवरून बनवलेला एखादा चौरस) एकदा तयार झाल्यावर त्याच्या बाजू बदलताच आल्या नाहीत, तर ही अडचण उरते का? तासभर वर्ग शांत बसणार नाही.

मार्क देताना कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टनी कोडच्या किती ओळी चालवल्या त्याच्या, टक्क्यांवर विसंबू नकोस. सगळ्या ओळी चालवून १०० टक्के दाखवता येतात आणि टेस्टमध्ये असर्शन (उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का, ही तपासणी) एकही नसतं. त्यापेक्षा म्युटेशन टेस्टिंग वापर: कोडमध्ये मुद्दाम ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा मोठं किंवा समान’ करायचं आणि टेस्ट तो बदल पकडतात का ते बघायचं. जावासाठी पिट हे टूल असे बदल आपोआप करतं. (काही बदलांनी प्रोग्रॅमचं वागणं बदलतच नाही, ते न पकडल्याबद्दल मार्क कापणं अन्यायाचं होईल.)

नोकरी की पीएचडी? माझं स्पष्ट मत, आधी दोन-तीन वर्षं नोकरी कर, आणि तीही जुना, मोठा कोड सांभाळणाऱ्या टीममध्ये. पुस्तकातले क्लास स्वच्छ असतात. खऱ्या कोडमध्ये एखादा क्लास कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या भागातच) डेटाबेसचं कनेक्शन उघडून बसलेला असतो, त्याला एकट्याला टेस्टच करता येत नाही. डिपेंडन्सी इंजेक्शन (क्लासला लागणाऱ्या गोष्टी त्याने स्वतः न उघडता बाहेरून देणं) कशासाठी हवं, ते तिथे अंगवळणी पडतं आणि वर्गात तुझ्या बोलण्यात वजन येतं. मात्र विद्यापीठातल्या कायम पदासाठी अनेक ठिकाणी पीएचडी लागते किंवा तिला वजन असतं, म्हणून ती टाळू नकोस. कधी पास तर कधी नापास होणाऱ्या फ्लेकी टेस्ट, आपोआप टेस्ट तयार करणं, असे विषय नोकरीतच सुचतील. नेमक्या अटी त्या त्या विद्यापीठाच्या नियमांत वाच.

लॅबमधली मदत चालू ठेव, फक्त मुलांचा कीबोर्ड हातात घेऊ नकोस. ‘ही चूक कुठल्या टेस्टमध्ये दिसेल?’ एवढंच विचार आणि थांब. अशा चुका पेरलेले पाच-सहा असाइनमेंट, त्यांच्या टेस्ट आणि मार्क देण्याचे निकष नीट लिहून ठेव. शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज करशील, तेव्हा गुणपत्रकासोबत ते जोड.