जिप्सीच्या ट्रान्सफर केसवरचा खर्च: आता करावा की आंबिया बहारानंतर?

वरूड तालुक्यातील एका संत्रा बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ३६ असून त्यांच्याकडे सात एकर संत्रा आहे आणि २००८ ची एक जिप्सी आहे. सुटीच्या दिवशी ते मित्रांसह सातपुड्याच्या पायथ्याच्या खडकाळ नाल्यांमध्ये रॉक क्रॉलिंग, म्हणजे मोठ्या दगडांवरून अगदी हळू गाडी चालवण्याचा खेळ, करतात. गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअर पेटीत) अधिक खालच्या गुणोत्तराचे गिअर बसवण्यासाठी गॅरेजने त्यांना १,६५,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. बँकेत ३,१०,००० रुपये शिल्लक आहेत आणि पीक कर्ज १,८०,००० रुपयांचे आहे. शिल्लक तशीच ठेवून, शून्य टक्के व्याजाच्या पीक कर्जाची मर्यादा वाढवून घ्यावी आणि त्यातून हे काम करावे, असा त्यांचा विचार आहे.

त्यांना माझे उत्तर असे. आपली तांत्रिक मागणी मला रास्त वाटते आणि ते आधी स्पष्ट सांगतो, कारण अशा खर्चाला घरचे आणि सल्लागार दोघेही न ऐकताच उधळपट्टी ठरवतात. जिप्सीचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर फारसा जोर देत नाही आणि मूळ ट्रान्सफर केसचे लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) गुणोत्तर सुमारे २.२७ आहे. पहिला गिअर, ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सल यांचा गुणाकार केला तर एकूण घट तीसच्या थोडी वर जाते (इंजिनाच्या तीसेक फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी), म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही गाडी तासाला साधारण सव्वातीन किलोमीटरने पुढे सरकते. मोठ्या दगडावर चाक चढवताना हा वेग जास्त ठरतो, म्हणून चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो आणि क्लच प्लेट जळते. दीड वर्षात आपल्या दोन प्लेटा गेल्या, त्याचे कारण हेच असावे. ४.१६ गुणोत्तराचा गिअर संच बसवला तर एकूण घट साठच्या जवळ जाते, तोच वेग पावणेदोन किलोमीटरच्या आसपास येतो आणि क्लचला हात न लावता गाडी दगडावरून हळूहळू उतरवता येते. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मधल्या लहान शाफ्टने जोडलेला असल्यामुळे गिअरबॉक्स न उघडता हे काम होते, हीही जमेची बाजू आहे.

मात्र या खर्चाच्या समर्थनार्थ आपण दिलेली दोन कारणे मला मान्य नाहीत. क्लचची बचत होऊन पैसे वसूल होतील, असे आपण म्हणता. आपल्याच पत्रानुसार एका क्लचच्या कामाला ११,००० रुपये लागले, म्हणजे वर्षाला साधारण १५ हजार. ते सगळे वाचले असे मानले तरी १,६५,००० वसूल होण्यास अकरा वर्षे लागतील, आणि तोपर्यंत गाडीचे वय काय असेल याचा विचार आपणच करावा. दुसरे, चिखलदऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना फिरवून उत्पन्न मिळेल, ही कल्पना सोडून द्यावी. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेता येत नाही, अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात परवानगीशिवाय गाडी नेणे हा गुन्हाच आहे. हा खर्च छंदाचा आहे. छंदावर खर्च करण्यात गैर काही नाही, पण तो छंदाच्या खात्यावरच लिहिला पाहिजे, म्हणजे त्याची मर्यादाही ठरवता येते.

आता पीक कर्जाविषयी, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. ३ लाखांपर्यंतचे अल्पमुदती पीक कर्ज केंद्राच्या व्याज सवलतीमुळे ७ टक्क्यांनी मिळते, मुदतीत फेडले तर त्यातले ३ टक्के सुटतात, आणि उरलेल्या व्याजाचा भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. हे शून्य सर्वस्वी मुदतीत केलेल्या परतफेडीवर टिकून आहे. एक हंगाम हुकला, तर सवलती जातात, खाते थकीत होते आणि पुढच्या खरिपाच्या तोंडावर खते-औषधांसाठी सावकाराकडे किंवा कृषी केंद्राच्या उधारीकडे वळावे लागते. कर्जमाफीच्या आशेवर खाते थकवणाऱ्यांचे हाल आपल्या भागात नव्याने सांगण्याची गरज नाही. शिवाय हे कर्ज पिकासाठी दिलेले असते. ते गाडीत घातले की बागेला लागणारा तितकाच पैसा दुसरीकडून उभा करावा लागतो, आणि तो शून्य टक्क्यांनी मिळत नाही.

आपल्या उत्पन्नाचे आकडे हीच गोष्ट दाखवतात. मागील वर्षी पीक कर्ज फेडून आणि सर्व खर्च वजा जाता बागेतून ४,२०,००० रुपये उरले, पण त्याच्या आदल्या वर्षी फळगळीमुळे केवळ १,९०,००० उरले. संत्र्याच्या भावावर आपला ताबा नाही. बांगलादेशाने २०१९ पासून आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांपर्यंत नेले, तेव्हा वरूड-मोर्शीच्या बागायतदारांना त्याचा फटका कसा बसला हे आपण पाहिलेच आहे. व्यापाऱ्याने बाग पाहून इसार दिला म्हणजे पैसे आले असे नव्हे. तोडणी सुरू झाल्यावर भाव पाडले जातात, त्यामुळे उरलेली रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती हिशेबात धरू नये.

घरखर्च महिन्याला ३२,००० आणि आपल्या पत्नीचा शाळेतील पगार २४,००० असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये बागेतून भरून काढावे लागतात. मुलगी अकरावीसाठी अमरावतीला जाणार असून तिच्या वसतिगृहाचे आणि शिकवणीचे १,२०,००० आपणच धरले आहेत. पगारदाराला मी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी राखीव रक्कम सांगतो. बागेवर अवलंबून असलेल्या घराला आठ महिन्यांची, म्हणजे आपल्या बाबतीत २,५६,००० रुपयांची सांगेन. याचा अर्थ ३,१०,००० पैकी मोकळे असे फक्त ५४,००० आहेत. त्यातच आपला मुदत विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा) नाही, ही गोष्ट मला ट्रान्सफर केसपेक्षा कितीतरी अधिक निकडीची वाटते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तरी वर्षाला १३,००० रुपये बाजूला काढून ठेवावेत आणि विमा याच महिन्यात घ्यावा.

गिअरच्या कामासाठी १,६५,००० ऐवजी मी २ लाख धरतो आणि त्याचे कारण यांत्रिक आहे. ट्रान्सफर केसमधून चाकांकडे जाणारा जोर पावणेदोन पटींहून अधिक वाढतो, तेव्हा केसला धरून ठेवणारे रबरी माउंट फाटतात, म्हणून मजबूत माउंट त्याच वेळी बसवावे लागतात. पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंटही याच जोराने तुटू शकतात, विशेषतः मोठे टायर लावल्यावर. ही साखळी अशीच वाढत जाते: गिअर, मग टायर, मग अ‍ॅक्सल, मग ब्रेक. आपल्याला मूळ मापाचेच टायर ठेवायचे असतील तरच माझा हिशेब लागू पडतो. संच परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) अंदाजात धरले आहेत का, तसेच हाय रेंजचे (रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगाचे) गुणोत्तरही बदलते का, हे गॅरेजकडून लेखी घ्यावे. अनेक संचांत ते खाली येते, आणि मग नागपूरला जाता-येता इंजिन अधिक फिरून पेट्रोल जास्त लागते.

या सगळ्याची बेरीज-वजाबाकी केली की निर्णय आकड्यावर येतो. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या पिकाची) तोडणी संपल्यावर, पीक कर्ज पूर्ण फेडून, हातात ३,७५,००० रुपये (घरखर्चाची तूट, मुलीचा खर्च, विमा आणि गिअरचे २ लाख, वजा मोकळे ५४,०००) उरले तर राखीव रकमेला हात न लावता काम रोखीने करावे. मागील वर्षासारखे वर्ष असेल तर ते होईल. त्याआधीच्या वर्षासारखे असेल तर होणार नाही, आणि तेव्हा मृग बहारावर (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या पिकावर) उसने अवसान आणून काम सुरू करू नये. मित्रांनी सुचवल्याप्रमाणे जिप्सी विकून कर्जावर जिम्नी घेण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. तिची एकूण घटही छत्तीसच्या आसपासच आहे, त्यामुळे आपली मूळ अडचण फारशी सुटत नाही आणि हप्ता मात्र दरमहा सुरू होतो.

तोपर्यंत दहा-पंधरा हजारांत बरेच करता येईल. हवा भरण्याचा छोटा कंप्रेसर आणि दाब मोजण्याचे यंत्र घ्यावे, आणि दगडांवर जाण्याआधी टायरमधील हवा कमी करावी. टायर दगडाला अधिक पसरून धरतो आणि त्यामुळे क्लचवरचा भारही हलका होतो. रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे.

कायद्याची बाजूही पैशाचीच आहे. गाडीत अनुज्ञेय नसलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या गाडीला पंधरा वर्षे उलटून गेल्यामुळे नोंदणीच्या पुढील नूतनीकरणाला ती आरटीओच्या तपासणीसाठी न्यावीच लागेल. म्हणून काम देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. उत्तर नकारार्थी आले तर आगाऊ रक्कम देऊ नये. काम झालेच, तर काढलेले मूळ गिअर भंगारात न देता तेल लावून घरी ठेवावेत, कारण उद्या जिप्सी विकताना मूळ भाग मागणारा ग्राहक अधिक असतो आणि बदललेल्या गिअरचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही.