ललिता बाबर मूळच्या मॅरेथॉन धावपटू होत्या का, आणि त्यांच्या दहाव्या क्रमांकाला एवढे महत्त्व का दिले जाते?

ललिता बाबर यांना ऑलिम्पिकचे पदक मिळाले नाही, तरीही २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतील त्यांच्या दहाव्या क्रमांकाचा आजही आदराने उल्लेख का होतो, आणि त्या मूळच्या मॅरेथॉन धावपटू होत्या हे खरे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावाचून पहिल्याचे उत्तर अपुरे राहील.

होय, त्या लांब पल्ल्याच्याच धावपटू. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, मोही या गावी २ जून १९८९ रोजी त्यांचा जन्म झाला. माण हा वर्षानुवर्षे दुष्काळाशी झुंजणारा तालुका आहे, आणि ‘माणदेशी एक्सप्रेस’ हे त्यांना मिळालेले नाव तिथल्या लोकांनी अभिमानाने मिरवले आहे. २००५ मध्ये पुण्यात झालेल्या वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे रस्त्यावरच्या शर्यतींत त्यांचा जम बसला आणि २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात त्या पहिल्या आल्या. बहुतेक वाचकांना त्यांचे नाव प्रथम कळले ते याच विजयांमुळे.

इथेच त्या थांबल्या असत्या, तर देशातील एक उत्तम मॅरेथॉन धावपटू एवढीच त्यांची नोंद राहिली असती. परंतु आशियाई आणि जागतिक पातळीवर भारतीय महिलांची मॅरेथॉनमधील वेळ त्या काळी बरीच मागे होती. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये मात्र वाट थोडी मोकळी होती. महिलांसाठी हा प्रकार जागतिक स्पर्धेत २००५ मध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये २००८ मध्ये आला. आशियाई क्रीडा स्पर्धेत तो २०१० मध्ये ग्वांगझू येथे प्रथम झाला, आणि ते पहिलेच सुवर्ण भारताच्या सुधा सिंग यांनी जिंकले होते. ललितांनी हाच प्रकार निवडला आणि बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या मार्गदर्शनाखाली त्या त्याच्या तयारीला लागल्या. हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा होता, असे माझे मत आहे.

हा बदल किती अवघड होता, हे कळण्यासाठी शर्यत नीट समजून घ्यावी लागते. साडेसात फेऱ्यांच्या या शर्यतीत एकूण पस्तीस वेळा अडथळा ओलांडावा लागतो. त्यांपैकी सात वेळा अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. हर्डल्सच्या शर्यतीतील अडथळा पाय लागला की पडतो; स्टीपलचेसचा जाड लाकडी अडथळा मात्र हलत नाही, त्यामुळे पाय अडकला तर कोसळते ती धावपटूच. पाण्यापाशी बहुतेक जणी आडव्या लाकडावर एक पाय टेकवून, त्याच पायाने जोर देऊन जितके दूर जाता येईल तितके दूर झेपावतात, कारण खड्ड्याचा तळ अडथळ्याजवळ खोल आणि पुढे चढत गेलेला असतो. उडी तोकडी पडली तर पाय खोल पाण्यात जातो, गती तुटते आणि पुढची काही पावले ती परत मिळवण्यात जातात. मॅरेथॉनमध्ये धावपटूचे सारे बळ एका लयीत असते, आणि इथे ती लय दर काही सेकंदांनी मोडून पुन्हा जुळवावी लागते. शिवाय वेगातही मोठा फरक आहे. ललितांनी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद अशी वेळ दिली, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे पावणेचार मिनिटे. त्यांची स्टीपलचेसमधील सर्वोत्तम धाव पाहिली तर हाच हिशेब तीन मिनिटे सहा-सात सेकंदांवर येतो, आणि तोही अडथळ्यांसह.

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत त्यांनी ९:३५.३७ (९ मिनिटे ३५.३७ सेकंद) अशा राष्ट्रीय विक्रमी वेळेसह कांस्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ वेळेत सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९:२७.८६ असा नवा विक्रम करून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि आठव्या आल्या. जागतिक स्पर्धेतील हा आठवा क्रमांक लोकांच्या फारसा लक्षात नाही, याचे मला वाईट वाटते. मला तो रिओइतकाच मोलाचा वाटतो.

ऑलिम्पिकच्या वर्षी चुरस घरातच होती. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत ललितांनी विक्रम ९:२७.०९ वर आणला. मे महिन्यात शांघाय येथे सुधा सिंग यांनी ९:२६.५५ वेळ देऊन तो आपल्याकडे घेतला. दोन भारतीय महिला एकमेकींचा विक्रम असा काही आठवड्यांत मोडत आहेत, हे दृश्य आपल्या लांब पल्ल्याच्या धावण्यात क्वचितच दिसले आहे, आणि या चुरशीचा दोघींनाही फायदा झाला असेल, असे मला ठामपणे वाटते. १३ ऑगस्ट रोजी रिओतील प्राथमिक फेरीत ललितांनी ९:१९.७६ वेळ नोंदवून राष्ट्रीय विक्रम परत मिळवला. त्या आपल्या गटात चौथ्या होत्या. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता, पण वेळेच्या आधारे त्यांना अंतिम फेरी मिळाली. आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या दिवशी आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सात सेकंदांहून अधिक वेगाने धावणे, हे मी त्या धावेचे खरे मोल मानतो.

अंतिम शर्यत भारतीय वेळेनुसार स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी झाली. बहारीनच्या रूथ जेबेट यांनी ८:५९.७५ वेळेत सुवर्ण घेतले. कांस्यपदकाची वेळ ९:०७.६३ होती. ललिता ९:२२.७४ वेळेसह दहाव्या आल्या. त्या पदकापासून पंधरा सेकंद दूर होत्या, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. थोडक्यात पदक हुकले, असे जे काही ठिकाणी लिहिले जाते ते बरोबर नाही. तरीही १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांनी ४०० मीटर हर्डल्सची अंतिम फेरी गाठल्यानंतर ट्रॅकवरील वैयक्तिक प्रकारात ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या ललिता या पहिल्याच भारतीय महिला होत्या. इथे ‘ट्रॅक’ आणि ‘वैयक्तिक’ हे दोन्ही शब्द आवश्यक आहेत, कारण मधल्या काळात लांब उडीत अंजू बॉबी जॉर्ज, थाळीफेकीत कृष्णा पुनिया आणि अथेन्समध्ये चार बाय चारशे मीटर रिलेचा महिला संघ अंतिम फेरीत खेळलेला आहे. त्या सर्वांचे श्रेय न काढूनही बत्तीस वर्षांची ही पोकळी खरीच होती.

त्याच वर्षी ललितांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये त्यांचा विवाह झाला, आणि पुढे त्या महाराष्ट्र शासनाच्या सेवेत उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. स्पर्धांत त्या पूर्वीसारख्या पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांनी लवकर मैदान सोडले असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु दुष्काळी भागातून आलेल्या खेळाडूने पुढच्या आयुष्याची सोय वेळेत केली, यात मला तरी काही वावगे दिसत नाही. हळहळ वाटते ती एवढ्याचीच, की या प्रकारात त्यांच्या वाट्याला ऐन बहराची जेमतेम दोन-तीन वर्षे आली आणि त्या काळात वेळ सतत सुधारतच होती.

रिओतील ९:१९.७६ हा विक्रम सात वर्षे टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत मेरठच्या पारुल चौधरी यांनी ९:१५.३१ वेळ देऊन तो मोडला, आणि त्या शर्यतीत त्या अकराव्या आल्या. आपल्याला तुलना करायची असेल, तर बीजिंगमधील आठवा, रिओतील दहावा आणि बुडापेस्टमधील अकरावा हे तीन क्रमांक त्यांच्या वेळांसह शेजारी मांडून पाहावेत.