नाकावरचा पूल आणि व्हायोलिनची घोडी

प्रिय मनू,

काल फोनवर आजी हसली ते तुला लागलं, हे मला दिसलं होतं. तू म्हणालीस, "आजी, नवा चष्मा माझ्या नाकाच्या पुलावर टोचतो," आणि तिकडून आजी म्हणाली, "अगं बाई, नाकावर पूल कधी बांधलास? टोल घेतेस की नाही?" फोन ठेवल्यावर तू फुरंगटून मला विचारलंस, की शब्दकोशात ब्रिज म्हणजे पूल असंच दिलंय, मग माझं चुकलं कुठे? आणि इंग्रजीत एकाच शब्दावर सगळं भागतं, तर मराठीला इतके वेगवेगळे शब्द कशाला लागतात? मी घाईत "असंच असतं गं" म्हणून सुटले. आता तू झोपली आहेस, तर नीट लिहिते.

आधी नाक. मराठीत त्याला नाकाचा दांडा म्हणतात. बोट फिरवून बघ. कडक, सरळ, उभं हाड लागतं. छत्रीचा दांडा, झेंड्याचा दांडा, तसाच नाकाचा. इंग्रजी बोलणाऱ्यांनी समोरून पाहिलं, त्यांना दोन डोळ्यांच्या मधला उंचवटा दिसला, त्यांनी त्याला पूल म्हटलं. दोघांचंही बरोबर आहे, फक्त उभं राहायची जागा वेगळी. शब्दकोश तुला हे सांगत नाही. तो पहिला अर्थ देतो आणि गप्प बसतो.

आता तुझं व्हायोलिन. त्यातल्या ज्या लाकडी तुकड्यावर चारही तारा टेकतात, त्याला तुझे सर ब्रिज म्हणतात. माझ्या तंबोऱ्यावरही तसाच एक तुकडा आहे, पण तो बसका, रुंद. तार आणि त्याच्यामध्ये सुती दोरा सरकवत मी जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, लावत बसते, आठवतंय? त्याला आम्ही घोडी म्हणतो. तारा तिच्या पाठीवर बसलेल्या असतात, म्हणून घोडी. लहान असताना मला वाटायचं, हे आपल्या गुरुजींनी लाडानं ठेवलेलं नाव असेल. मग कळलं, की फ्रेंच लोक व्हायोलिनच्या या तुकड्याला 'शव्हाले' म्हणतात, म्हणजे छोटा घोडा. रशियन लोक 'कोबिल्का' म्हणतात, म्हणजे चक्क छोटी घोडी! चेक भाषेतही तोच शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ नाकतोडाही होतो. इटालियन मात्र इंग्रजीच्या बाजूचे. त्यांचं 'पोंतिचेल्लो' म्हणजे छोटा पूल. तुझ्या स्वरलिपीत कधी 'सुल पोंतिचेल्लो' लिहिलेलं आलं, तर गज अगदी घोडीला खेटून फिरवायचा, म्हणजे काचेसारखा किरकिरा आवाज निघतो. जर्मनांचा शब्द 'श्टेग', म्हणजे ओढ्यावरून पायी जाण्यापुरती फळी.

म्हणजे बघ, एकाच लाकडाच्या तुकड्यावरून युरोपात दोन पक्ष पडलेत, पूलवाले आणि घोडेवाले. आपण घोडेवाल्यांत. मला विचारशील तर आपलाच पक्ष बरोबर आहे, कारण पुलावरून काहीतरी पलीकडे जातं, आणि तारा कुठे जात नाहीत, त्या नुसत्या बसलेल्या असतात. पण हे तुझ्या सरांना सांगू नकोस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच थोडंसं सापडतं. इंग्रजीनं जे पुलाचं केलं, तेच आपण घोड्याचं केलंय. वाद्यावर घोडी, बुद्धिबळात घोडा, बंदुकीचा चाप ओढतात तोही घोडा, आणि रंगारी छताला रंग देताना ज्यावर चढतो तोही घोडाच. मराठी शिकणारा एखादा इंग्रज मुलगा वैतागून विचारत असेल, की यांच्याकडे जिकडेतिकडे घोडे कसे काय? प्रत्येक भाषेला एखादी गोष्ट आवडते आणि मग ती तिला सगळीकडे दिसायला लागते.

बरं, खऱ्या पुलाला तरी मराठीत एकच शब्द आहे का? तोही नाही. 'पूल' आपण फारसीतून घेतला. ओढ्यावर टाकलेला लहानसा पूल म्हणजे साकव. हा माझा फार लाडका शब्द. तो संस्कृत 'संक्रम'वरून झिजत झिजत आला. संक्रम म्हणजे ओलांडून जाणं. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत, आणि आपण या काठावरून त्या काठावर जातो तो साकव. दोघं एकाच घरातले! रस्त्यावरून रस्ता नेला तर उड्डाणपूल, दोरांवर लोंबकळत असेल तर झुलता पूल, रस्त्याखालून नुसतं पाणी जायला वाट ठेवली असेल तर मोरी.

आणि सेतू. हा पुलाचा भारदस्त भाऊ. संस्कृतमध्ये 'सि' म्हणजे बांधणं, त्यावरून सेतू. गंमत अशी, की जुन्या संस्कृतमध्ये सेतू म्हणजे पाणी अडवणारा बांधसुद्धा. रामाच्या गोष्टीतला सेतू आठव. त्याला कमानी नव्हत्या, खांब नव्हते. दगड टाकत टाकत पाण्यात बांध घालत नेला, तो सेतू. त्यामुळे मराठीत 'पूल बांधला' म्हणताना बांधकाम आणि गाठ मारणं या दोन्हीला एकच क्रियापद आहे, ते मला उगाच वाटत नाही. आता सेतू हा शब्द आपण कागदावरच्या पुलांसाठी जास्त वापरतो. ब्रिज कोर्सला सेतू अभ्यासक्रम म्हणतात. योगासनांत पाठीवर झोपून कंबर उचलतात ते सेतुबंधासन. पण माणूस माणसांना जोडत असेल, तर त्याला पूल म्हणत नाहीत, दुवा म्हणतात. दुवा म्हणजे साखळीची कडी. "तू आजीच्या आणि माझ्यामधला दुवा आहेस" असं म्हण. पूल म्हणालीस, तर आजी पुन्हा टोल मागेल.

काही ठिकाणी मात्र आपण सरळ हात टेकले आणि ब्रिजच म्हणतो. दातांचं बघ. एक दात पडला, तर शेजारच्या दोन दातांवर टोप्या चढवायच्या आणि मधला खोटा दात त्यांच्या आधारानं अधांतरी धरायचा. दोन खांब, मध्ये एक गाळा. पूल म्हणायला यापेक्षा योग्य जागा तोंडात दुसरी नाही, तरी "मी पूल बसवून घेतला" असं अजून कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

जहाजाचा कप्तान जिथे उभा राहतो त्या जागेलाही ब्रिज म्हणतात, आणि तुला ते नेहमी विचित्र वाटतं, कारण ती खोलीसारखी दिसते. पण पूर्वी आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाकं असत, त्यांच्यावर पेट्यांसारखी झाकणं. कप्तानाला दोन्हीकडचं दिसावं म्हणून एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत फळ्यांचा खराखुरा पूल टाकत आणि तो त्यावर उभा राही. पुढे चाकं गेली, पाण्याखालचे पंखे आले. नाव राहिलं.

पत्त्यांचं ब्रिज हा तर फसवा पूल आहे. १८८६ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत या खेळाचं नाव 'बिरिच' असं दिलंय. त्याचा नदीशी काही संबंध नसावा. इंग्रजांच्या कानाला ते ओळखीच्या शब्दासारखं वाटलं आणि चिकटलं. आज खेळतात तो प्रकार हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं १९२५ मध्ये बसवला, तोही जहाजाच्या प्रवासात. म्हणजे जहाजावर एक ब्रिज होताच, त्यात दुसरं आलं.

मोठी झालीस की विज्ञानात आणखी भेटतील. मेंदूच्या खालच्या बाजूच्या एका भागाला 'पॉन्स' म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पूल. सोळाव्या शतकात वारोलिओ नावाच्या इटालियन वैद्यानं मेंदू वरून न उघडता खालच्या बाजूनं पाहिला आणि त्याला कालव्यावरून गेलेला पूल दिसला. विजेच्या प्रयोगात व्हीटस्टनचा ब्रिज येतो, म्हणजे तारेचा विद्युतरोध मोजायची एक जोडणी. तो मुळात सॅम्युएल क्रिस्टीनं १८३३ मध्ये मांडला आणि व्हीटस्टननं दहा वर्षांनी लोकांपुढे नेला, पण नाव नेणाऱ्याचं लागलं. हा पूल मला आवडतो, कारण त्यावरून वीज अजिबात गेली नाही, तरच माप बरोबर आलं असं समजायचं.

आणि तुझ्या आवडीचं, गणित. क्यॉनिग्जबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरून येता येईल का, असं कोडं होतं. १७३६ मध्ये ऑयलर नावाच्या गणितज्ञानं सिद्ध केलं, की नाही येणार. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचं गणित तिथून सुरू झालं. पुढे त्याच गणितात 'ब्रिज' या शब्दाला एक पक्का अर्थ मिळाला, अशी रेघ, जी पुसली की आकृतीचे दोन तुकडे होतात. आता कागदावर ते शहर काढ. चार बिंदू घे, मधलं बेट, वरचा काठ, खालचा काठ, पूर्वेची जमीन. बेटापासून वर दोन रेघा, खाली दोन, पूर्वेला एक. पूर्वेपासून वर एक, खाली एक. आता कुठलीही एक रेघ पूस. तुकडे होतात का? म्हणजे ज्या सात पुलांवरून हे गणित जन्मलं, त्यांतला एकही त्या गणिताच्या हिशेबात पूल नाही.

रविवारी आजीला फोन लावशील तेव्हा चष्मा नाकाच्या दांड्यावर टोचतो म्हण, आणि हे कोडं तिलाही घाल. तिला अशी कोडी आवडतात.

आणखी एक. रात्री तुझं व्हायोलिन उचलून ठेवताना बघितलं, घोडी पुढे झुकली आहे. खुंट्या पिळल्या की तारा तिचा माथा पुढे ओढतात, त्यामुळे होतं तसं. ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबानं उभी असते. तेव्हा सरळ करायला म्हणून सगळ्या तारा एकदम सैल करू नकोस. घोडी तर पडेलच, आतली ती उभी काडीही पडेल. त्या काडीला फ्रेंच लोक काय म्हणतात ठाऊक आहे? आत्मा. मी संध्याकाळी आले की दोघी मिळून करू.

तुझी,
आई