दोन सायलेन्सर की एक?

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची, समांतर दोन सिलिंडरची ६५० सीसी मोटारसायकल आहे. आधीच्या मालकाने कंपनीचे दोन्ही सायलेन्सर काढून बाहेरचे आखूड, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बसवले होते. मूळचे त्याने पोत्यात बांधून माझ्या स्वाधीन केले. आता मेकॅनिक सुचवतात की दोन्ही पाइप खाली जोडून एकच सायलेन्सर लावावा, म्हणजे वजन घटेल आणि पिकअप वाढेल. शिवाय खंडवा रस्त्याने घाट उतरताना थ्रॉटल सोडला की गाडी फटाके फोडते. काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मेकॅनिकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. एक सायलेन्सर गेला की वजन कमी होणारच. पिकअप मात्र सायलेन्सरच्या संख्येवर अवलंबून नसून दोन्ही बेंड पाइप (इंजिनातून निघून सायलेन्सरकडे जाणारे वाकवलेले पाइप) किती लांबीवर जाऊन एकमेकांना मिळतात यावर अवलंबून असतो. जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वाल्व्ह उघडताच दाबाची लाट पाइपातून निघते आणि पाइप जिथे एकदम रुंदावतो तिथून ती ओढ लावणारी लाट होऊन परतते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर मीटरभर पाइपात जाऊन परत येण्यास तिला ४ मिलिसेकंद लागतात. ५,००० आरपीएमला क्रँकचा (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचा) एक फेरा १२ मिलिसेकंदांचा असल्याने तेवढ्या वेळात तो एक तृतीयांश फिरतो. मिश्रण आत घेणारा आणि जळका वायू सोडणारा असे दोन्ही वाल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ही ओढ पोहोचली, तर जळका वायू बाहेर खेचला जाऊन ताज्या मिश्रणाला जागा होते. वेळ चुकली, तर त्याच आरपीएमला गाडी मरगळल्यासारखी वाटते.

दोन पाइप एकात आणले की एका सिलिंडरचा झोत दुसऱ्यालाही ओढ देतो, हा त्या रचनेचा खरा फायदा. पण आपल्या गाडीचा क्रँक २७० अंशांचा, म्हणजे दोन पिस्टन एकमेकांपासून २७० अंश मागेपुढे चालणारा, असल्यास दोन ठिणग्यांमधील अंतर एकदा २७० आणि एकदा ४५० अंश पडते, त्यामुळे ही ओढ दोघांना सारखी मिळत नाही. त्यातून जोडणी लांबी मोजून न करता, फ्रेमखाली जिथे जागा सापडली तिथे वेल्डिंगने केली आणि आत वेल्डिंगच्या वितळलेल्या धातूचा उंचवटा राहिला, तर पिकअप वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता अधिक. चांगल्या जोडणीने पडणारा फरकही पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या धावपट्टीवर मोजता येईल. पलासियाहून राजवाड्याला जाताना तो जाणवेल असे मला वाटत नाही.

'इंजिनाला बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला पाइपात होणारा अडथळा) लागतोच' हे गॅरेजमधील लाडके वाक्यही आपल्या कानावर आले असेल. इंजिनाला अडथळा नको असतो, वायूचा वेग हवा असतो; पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला की तो वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो.

आपली गाडी बीएस-६ या प्रदूषण-मानकाची असल्याने धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचाही प्रश्न येतो. अनेक दुहेरी सायलेन्सरच्या गाड्यांत तो सायलेन्सरच्या आतच असतो, म्हणजे पोत्यात बहुधा तोही बांधलेला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ परवानगीवाचून असे बदल करू देत नाही आणि आवाज व प्रदूषणाच्या मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा मूळचे दोन्ही सायलेन्सर परत बसवावेत. बसवताना जुने पॅकिंग (सांध्यातील गळती रोखणारी कडी) पुन्हा वापरू नये, कारण ते एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाही. बेंड पाइप इंजिनाच्या हेडला (सिलिंडरवरील झाकणाला) जिथे मिळतो तिथेही पाहावे. नटांभोवती काजळीची बारीक काळी रेघ दिसली, किंवा सकाळी थंड इंजिन सुरू करताच तिथून 'चुक-चुक' ऐकू आले, तर तिथून गळती आहे. थ्रॉटल सोडल्यावर त्याच फटीतून हवा आत शिरते, पाइपातील न जळलेले पेट्रोल पेटते आणि फटाके वाजतात. पॅकिंग बदलून व मूळचे सायलेन्सर लावूनही ते थांबले नाहीत, तर ओटू सेन्सर (बाहेर पडणाऱ्या वायूतील ऑक्सिजन मोजणारा) आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारे इंजेक्शन तपासून घ्यावे.